मैफलीची अक्षत आणि दवंडी

आपल्या घरी मंगलकार्य निघाले म्हणजे पहिली अक्षत देवाला जाते. कुळदेवतेच्या पायांशी पत्रिका आणि नारळ ठेवून सांगणे होते, आणि मगच घरातील वडीलधारी माणसे पाहुण्यांची यादी करावयास बसतात. कोणाकडे स्वतः जावयाचे, कोणाकडे मुलाला धाडावयाचे, कोणाला टपालाने पत्रिका गेली तरी चालेल, याचा तेथे बारकाईने विचार होतो. दवंडीची जात निराळी. ढोल वाजविणारा चव्हाट्यावर उभा राहतो, वार्ता पुकारतो आणि पुढल्या वाड्याकडे चालू लागतो. ती कोणी ऐकली आणि कोण त्या वेळी झोपेत होता, याची नोंद कोणापाशीच राहत नाही.

पाश्चात्त्य देशांत बँड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गायक-वादकांच्या संचांनी गेल्या अर्धशतकात आपल्या मैफलींची वार्ता श्रोत्यांपर्यंत कशी पोहोचविली, याचा इतिहास मी अलीकडे वाचीत होतो. इंटरनेट आणि समाजमाध्यमे आल्यावर तो इतिहास फार वेगाने धावतो. तथापि त्याच्या मुळाशी हाच अक्षत आणि दवंडी यांमधला प्रश्न आहे, असे मला वाटू लागले. देवस्थानांच्या उत्सवपत्रिकाही आता मोबाइलवरून फिरू लागल्या असल्यामुळे तो प्रश्न आपल्या अंगणातही येऊन उभा आहे.

देवळातील गायनवादनाला पूर्वी जाहिरात लागत नसे, कारण तिथी हीच त्याची जाहिरात होती. मंगेशीला सोमवारी पालखी निघते हे कोणी कोणाला सांगावे लागत नाही. वास्को येथे दामोदराच्या सप्ताहात श्रावणामध्ये अहोरात्र भजन चालते, हेही गोव्यातल्या लहान मुलाला ठाऊक असते. संगीत देवळाच्या चौकातून आणि राजाच्या दरबारातून बाहेर पडले तेव्हाच वार्ता देण्याची अडचण प्रथम उभी राहिली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर मैफल केली. त्या काळी गवयाने असे करणे हे धाडसच होते. तिकीट लावले की गावात अनोळखी माणसे शोधणे आले. आणि अनोळखी माणसांसाठी हस्तपत्रिका, भिंतीवरचे फलक व वृत्तपत्रांतील जाहिराती आल्या. आपल्या नाटक मंडळ्या या कामात गवयांच्या कितीतरी पुढे होत्या.

पुढे यंत्र आले. १९०२ सालच्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गौहर जान हिचे गाणे ग्रामोफोनवर मुद्रित झाले. त्या काळच्या तबकड्यांच्या शेवटी ती आपले नाव इंग्रजीत सांगताना ऐकू येते. तबकड्या जर्मनीतील हानोव्हर येथे तयार होत आणि तेथील कारागिरांना गायिकेची ओळख पटावी एवढाच तीत हेतू होता. पण कलावंताने यंत्रातून स्वतःच आपले नाव पुकारण्याची ही आपल्याकडची पहिली वेळ म्हणावी लागेल. याच्या अगदी उलट वृत्ती आपल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत त्या फार हात राखून असत. ज्याला गाणे ऐकावयाचे त्याने मैफलीस यावे असा त्यांचा बाणा. आणि दैवयोग असा की, १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तीवर हिंदुस्थानच्या वतीने गेला तो केसरबाईंच्या भैरवीचा सूर. त्या तबकडीचा श्रोता कोण असेल, हे ती पाठविणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. याहून मोठी दवंडी ती कोणती!

हे थोडे विषयांतर झाले. आता मूळ कथेसाठी आपल्याला अमेरिकेत जावयाचे आहे, आणि तेही इंटरनेटच्या पुष्कळ आधी.

कॅलिफोर्नियातील 'ग्रेटफुल डेड' या बँडची १९७१ साली एक जोड-तबकडी निघाली. तिच्या वेष्टनाच्या आतल्या बाजूस त्यांनी श्रोत्यांना विनंती छापली होती की, आपण कोण, कोठे राहता ते कळवा; म्हणजे आम्हीही आपणास आमचे वृत्त कळवीत राहू. खाली टपालपेटीचा पत्ता होता. पत्रे येऊ लागली आणि काही वर्षांत त्या यादीत हजारो नावे जमली. बँडची वार्तापत्रे या पत्त्यांवर जाऊ लागली. हा संच प्रत्येक रात्री निराळे काही वाजवी, त्यामुळे श्रोते स्वतःची यंत्रे घेऊन येत आणि मैफली टिपून घेत. दुसऱ्या कोणी त्यांना बाहेर काढले असते. यांनी १९८४ पासून त्यांच्यासाठी सभागृहात स्वतंत्र जागाच राखून दिली. या फिती पैसे न घेता हातोहात फिरत, आणि ज्याच्या हाती फीत पडे तो पुढल्या मैफलीस येई. तत्पूर्वी एक वर्ष त्यांनी टपालाने तिकिटे विकण्याचे आपले स्वतःचे कार्यालय उघडले होते. या माणसांची राहणी आणि त्यांची व्यसने आपल्या वाचकांना रुचणारी नाहीत, मलाही ती रुचत नाहीत. परंतु श्रोत्याचे नाव-गाव आपल्या वहीत असावे ही त्यांची समज मोठी शहाणपणाची होती, हे मान्य केले पाहिजे.

या समजुतीचे फळ इंटरनेटवर प्रथम दिसले ते एका इंग्रज बँडच्या बाबतीत. 'मॅरिलियन' हा संच १९७९ पासूनचा. १९९७ साली त्यांची नवी तबकडी निघाली, पण अमेरिकेचा दौरा करण्याइतके पैसे कोणी देईना. त्यांच्या चाहत्यांचे एक ई-मेल मंडळ होते. त्यांतील लोक एकसारखे विचारीत की, अमेरिकेत कधी येणार? वादकांपैकी मार्क केली यांनी सरळ उत्तर दिले की, असा दौरा केल्यास सुमारे साठ हजार डॉलरांचा तोटा होईल, सबब येणे नाही. गोष्ट येथेच संपावयाची. पण चाहत्यांनी बँडला न विचारता आपसांत वर्गणी काढली, तिचा हिशेब स्वतःच ठेवला, आणि ती साठ हजारांची भर घालून बँडला अमेरिकेत आणले. हा दौरा झालाही. आपल्याकडे उत्सवाच्या खर्चाला तूट आली म्हणजे महाजन मंडळी जशी आपसांत ती भरून काढतात, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की, यातील बहुतेकांनी एकमेकांची तोंडेही पाहिलेली नव्हती.

बँडने यावरून धडा घेतला. पुढील एका तबकडीचे मूल्य त्यांनी ती ध्वनिमुद्रित होण्याआधीच चाहत्यांकडे मागितले, आणि बारा हजारांहून अधिक लोकांनी ते भरले. ती तबकडी २००१ मध्ये निघाली. २००४ च्या 'मार्बल्स'च्या विशेष आवृत्तीत तर आगाऊ पैसे भरणाऱ्यांची नावेच छापली होती. देवळाच्या पायरीवर किंवा फरशीवर दात्याचे नाव कोरलेले आपण पाहतो. ही पुस्तिका तशीच म्हणावयाची. येथे कोणी मध्यस्थ नव्हता. यादी बँडच्या घरची होती.

यानंतर मात्र यादी दुसऱ्याच्या घरी गेली. २००३ साली अमेरिकेत 'मायस्पेस' निघाले. येथे कोणत्याही संचाला फुकट जागा मिळे. तेथे आपली गाणी ठेवावीत, पुढील मैफलींच्या तारखा मांडाव्यात, आणि ऐकणाऱ्याने एका बोटाच्या स्पर्शाने 'मित्र' म्हणून नाव नोंदवावे, अशी सोय होती. ज्या पोरांना कालपर्यंत हस्तपत्रिका छापण्याचे पैसे जमवावे लागत, त्यांच्या हाती जगाचा चव्हाटा आला. २००५ मध्ये रूपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीने हे सारे ५८ कोटी डॉलरांना विकत घेतले, यावरून त्याचा त्या वेळचा पसारा ध्यानात येईल.

याच काळात शेफील्ड येथील 'आर्क्टिक मंकीज' या तरुण बँडचा उदय झाला. त्यांचे पहिले प्रसिद्ध गाणे ऑक्टोबर २००५ मध्ये निघाले तेच इंग्लंडच्या यादीत पहिल्या क्रमांकावर. आणि जानेवारी २००६ मध्ये आलेल्या पहिल्या तबकडीच्या पहिल्याच आठवड्यात ३ लाख ६० हजारांहून अधिक प्रती खपल्या. कोणत्याही बँडच्या पदार्पणाची तबकडी त्या देशात इतक्या झपाट्याने पूर्वी खपली नव्हती. वृत्तपत्रांनी लिहून टाकले की, हा मायस्पेसचा चमत्कार आहे. मला हे पटत नाही, आणि ते त्या पोरांनाही पटले नव्हते. आपले त्या ठिकाणचे पान आपण उघडलेलेच नाही, ते चाहत्यांनी उघडले, असे ते सांगत. खरी हकीकत अशी की, सुरुवातीच्या छोट्या मैफलींत ते आपल्या गाण्यांच्या सीडी स्वतः तयार करून आलेल्या लोकांना वाटीत असत. त्या लोकांनी ती गाणी इंटरनेटवर चढविली, मित्रांना पाठविली, आणि पुढल्या मैफलीस येणारे श्रोते शब्द पाठ करूनच येऊ लागले. म्हणजे मुळात हातातून हातात दिलेली वस्तू होती. चव्हाट्यावरचा ढोल मागाहून वाजला.

परंतु जगाने धडा घेतला तो ढोलाचा. प्रत्येक संचाने प्रथम मायस्पेसवर, आणि ते ओस पडू लागल्यावर फेसबुकवर आपले ठाणे मांडले. फेसबुक २००६ च्या सप्टेंबरात सर्वांना खुले झाले आणि पुढल्या वर्षी संस्था व कलावंत यांना तेथे स्वतंत्र पाने मिळू लागली. दहा हजार लोकांनी एखाद्या बँडच्या पानावर पसंतीची मोहोर उमटविली म्हणजे त्या बँडला वाटे, आपल्याला दहा हजार श्रोते मिळाले. वस्तुतः त्यांची नावे, पत्ते, सारे फेसबुकच्या दप्तरी होते. कोणाला कोणती वार्ता दाखवावयाची हे तेथील यंत्र ठरवी. पानावरील मजकूर त्या पानाच्या चाहत्यांपैकी सरासरी केवळ १६ टक्क्यांपर्यंत पोहोचतो, असे २०१२ साली खुद्द फेसबुकनेच सांगितले; आणि त्याच वर्षी दाम मोजून तो अधिकांपर्यंत नेण्याची सोयही निघाली. पाहुणे आपले, पत्रिका आपली, कार्य आपले. आणि अक्षत पोहोचती करावयास वाटेवरच्या परक्या माणसाला दर खेपेस पैसे द्यावयाचे!

याची दुसरी बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. २०२० साली सभागृहे व देवळे बंद पडली, त्या काळात घरच्या खोलीत बसून गाणाऱ्याला याच माध्यमांनी श्रोता मिळवून दिला. इंग्लंडमध्ये २००६ पासून भरणारा 'दरबार' हा हिंदुस्थानी संगीताचा उत्सव यूट्यूबमुळे जगभर ऐकला जातो. परदेशी गेलेली आपली मुले कुळदेवतेचा उत्सव आज पडद्यावर पाहतात, आणि पाहताना त्यांचे डोळे भरून येतात हे मी पाहिले आहे. दवंडीला तिचे स्थान आहेच. अनोळखी माणूस दवंडीनेच येतो. तो दारात आल्यावर त्याचे नाव आपण विचारून ठेवले की नाही, एवढेच पाहावयाचे.

मायस्पेसचे पुढे काय झाले? २०११ साली ते सुमारे साडेतीन कोटी डॉलरांना विकले गेले, म्हणजे घेतलेल्या किमतीच्या सोळाव्या हिश्शाइतकेही पैसे परत आले नाहीत. मार्च २०१९ मध्ये असे उघड झाले की, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर साठा हलविताना २०१५ पर्यंत तेथे ठेवलेले सारे काही नाहीसे झाले आहे. बारा वर्षांतील सुमारे पाच कोटी गाणी त्यात गेली असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. ज्यांनी मूळ प्रत घरी ठेवली नव्हती, त्यांची गाणी आणि मैफलींची छायाचित्रे एकदमच गेली. काही अभ्यासकांनी २००८ ते २०१० या काळात स्वतःच्या कामासाठी यातील काही भाग उतरवून घेतला होता. त्यातून सुमारे ४ लाख ९० हजार गाणी 'इंटरनेट आर्काइव्ह'ने त्याच वर्षी एप्रिलमध्ये लोकांसाठी खुली केली. शंभरातले एकसुद्धा नव्हे.

आणि मॅरिलियन? त्या बँडने २००२ पासून चाहत्यांचे मेळे भरविण्यास आरंभ केला होता. नेदरलँड्समध्ये समुद्रकाठच्या पोर्ट झेलांड या ठिकाणी निरनिराळ्या देशांतील लोक दोन-तीन दिवस मुक्कामाला येतात, रात्री मैफल ऐकतात, दिवसा जुन्या ओळखी काढतात. २०१९ सालीही तो मेळा भरला. तेथे येणाऱ्यांत काही जण असे आहेत की, ज्यांनी १९९७ साली साठ हजार डॉलरांच्या वर्गणीत आपला वाटा घातला होता.