सुरतेचा जोडा आणि फैजपूरची सभा

मंडळी, परवा तालुक्यातल्या एका गावच्या ग्रामसभेला गेलो होतो. गावाचं नाव घेत नाही, कारण कुठलंही नाव टाकलं तरी चालेल अशी गत आहे. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने पाणीपुरवठ्याच्या खर्चाबद्दल आठ दिवस आधी लेखी अर्ज दिला होता. सभेत तो वाचलाच गेला नाही. बाबा उठून उभे राहिले, तर "विषय संपला, बसा" म्हणून सांगितलं. मग पोरं उठली, माईक ओढला गेला, खुर्च्या सरकल्या. दहा मिनिटांत सभा गुंडाळली. दुसऱ्या दिवशी गावात चर्चा एकच, "लोकंच बेशिस्त झालेत भो."

खरंच लोक बेशिस्त होते का? मला सुरत आठवली.

आपली तापी जिथे समुद्राला मिळते तिथलीच सुरत. डिसेंबर १९०७. काँग्रेसचं अधिवेशन आधी नागपूरला ठरलं होतं, ते हलवून सुरतेला नेलं, तिथूनच संशयाला सुरुवात झाली. मवाळ आणि जहाल अशी दोन टोकं. आदल्या वर्षी कलकत्त्याला स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण असे चार ठराव झाले होते. ते आता पातळ करणार किंवा गाळणार, अशी कुजबुज होती. खरं काय ते ठरावांचा मसुदा पाहून कळलं असतं. पण मसुदा प्रतिनिधींच्या हाती वेळेवर आलाच नाही. कागद हातात नसला की अफवेला पाय फुटतात.

२६ तारखेला अध्यक्षपदासाठी डॉ. रासबिहारी घोष यांचं नाव मांडलं गेलं. अनुमोदनाला सुरेंद्रनाथ बॅनर्जी उठले आणि असा गोंधळ झाला की सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी टिळकांनी स्वागताध्यक्ष मालवी यांना चिठ्ठी पाठवली, की अध्यक्षांच्या निवडीचं अनुमोदन झाल्यावर मला तहकुबीची सूचना मांडायची आहे. चिठ्ठीला उत्तर आलं नाही. घोष निवडून आल्याचं जाहीर झालं, ते भाषणाला उभे राहिले. टिळक थेट व्यासपीठावर गेले. त्यांना नियमबाह्य ठरवलं. ते हाताची घडी घालून तिथेच उभे राहिले. तेवढ्यात प्रेक्षकांतून एक जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथ व फिरोजशहा मेहता या दोघांना लागला. मग लाठ्या, खुर्च्या आणि शेवटी मंडप रिकामा करायला पोलीस.

आपण लहानपणापासून जोड्याची गोष्ट ऐकतो. चिठ्ठीची कोणी सांगत नाही. जोडा फेकणं वाईटच, त्याचं समर्थन नाही. पण जोड्याच्या आधी चिठ्ठी आली होती, हे विसरू नका. त्या फुटीचं मोल किती? दोन्ही गट पुन्हा एकत्र यायला १९१६ साल उजाडलं, लखनौला. नऊ वर्षं!

आता तापीने वर या, आपल्याकडे. डिसेंबर १९३६, फैजपूर. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. धनाजी नाना चौधरींनी राबून उभं केलेलं, नंदलाल बोसांनी बांबू-लाकडाने सजवलेलं टिळकनगर. कौतुक आपण दरवर्षी करतो, पण आत काय चाललं होतं ते पाहा. मतभेद सुरतेपेक्षा कमी नव्हते. अध्यक्ष नेहरू समाजवादाची भाषा बोलत होते. सरदार पटेलांना ती पटत नव्हती. त्यांनी अध्यक्षपदाच्या शर्यतीतून माघार घेतली, पण माघार म्हणजे नेहरूंची सगळी मतं मान्य असा अर्थ काढू नये, हेही उघड सांगितलं. मानवेंद्रनाथ रॉय नुकतेच तुरुंगातून सुटून आले होते. १९३५ च्या कायद्याखाली निवडणूक लढवायची, पण मंत्रिपदं घ्यायची की नाही, यावर पक्ष उभा चिरलेला.

तरी मंडप मोडला नाही. का? माणसं देव झाली होती म्हणून नाही. मधल्या २९ वर्षांत सभेची रीत घडली होती. सुरतेला प्रतिनिधी कोण आणि प्रेक्षक कोण, यावरच भांडण होतं. पुढे १९२० ला नागपूरला नवी घटना झाली, १९३४ ला मुंबईत प्रतिनिधींची संख्या २००० वर आणली. म्हणजे मत कोणाला, हे आधीच ठरलेलं. विषय नियामक समितीत ठरावाची आधी चिरफाड व्हायची, उपसूचना मांडायची, मतं मोजायची. हरणाऱ्यालाही आपलं म्हणणं ऐकलं गेल्याचं समाधान मिळायचं. आणि जे मिटत नव्हतं, त्या मंत्रिपदाच्या प्रश्नाचा निर्णय निवडणुकीनंतर घेऊ, असं ठरवून पुढे ढकललं. काही जण याला पळवाट म्हणतील. थोडी होतीही. पण शेतसारा-खंड कमी करण्याचा, कर्जदार शेतकऱ्याला दिलासा देण्याचा शेतीविषयक कार्यक्रम त्याच मंडपात मंजूर झाला. सभा मोडली असती तर तोही गेला असता.

आता आपली ग्रामसभा. कायद्याने गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते. नाही जमली की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची गरजच नाही. म्हणजे पहिल्या सभेला लोक आले नाहीत तर दुसरीत दहा-बारा डोकी गावाचा निकाल लावतात. मग लोक म्हणतात, जाऊन करायचं काय?

माझं मागणं फार मोठं नाही. विषयपत्रिका आणि खर्चाचा कागद आठवडाभर आधी चावडीवर लावा. लेखी आलेला प्रत्येक अर्ज मोठ्याने वाचा, मग तो विरोधकाचा का असेना. बोलायला सगळ्यांना सारखा वेळ द्या, सरपंचाच्या भावकीलाही तेवढाच. इतिवृत्त सभा उठायच्या आत वाचून दाखवा, मगच सह्या घ्या. आणि उत्तर नसेल तर "पुढच्या सभेत देतो" म्हणा, तारीख सांगा.

त्या बाबांना काल भेटलो. म्हणाले, "मला भांडायचं नव्हतं. नुसतं वाचून दाखवायचं होतं." अर्जाची पोच त्यांनी अजून खिशात जपून ठेवली आहे. पुढची ग्रामसभा २ ऑक्टोबरला. त्यांच्या शेजारी बसायला गावातले किती जण येणार?