देवीची लस आणि आईचा उंबरठा

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानातील ती पहिली. पुढे लस खेड्यांत पोचली, तेव्हा माता मुले लपवू लागल्या. त्याला अज्ञान म्हणून आम्ही अधिकारी मोकळे होतो. परंतु बंगालमधील माता टिकादाराकडून देवीच्याच फोडातील द्रव्य मुलांना टोचून घेत. टिकादार ओळखीचा, शीतलादेवीचे पूजन करून तो सुई उचली. सरकारी टोचणारा परका. आठव्या दिवशी परतून, मुलाच्या दंडावरचा फोड उघडून तो पुढच्या मुलासाठी लस नेई. १८६५ साली कलकत्त्यात जुनी रीत कायद्याने बंद झाली. विश्वास कायद्याने आला नाही. १९७५ साली भारतातील देवी हटली, ती लसीइतकीच घरोघर रोगी हुडकणाऱ्यांच्या पायपिटीने. परमुलखात हुकूम घेऊन फिरणाऱ्या आम्हांला तो उंबरठा आधी ओळखता यावा.