अल्पदृष्टी वृद्धांच्या जीवनमानाचे मापन

उपचार व चष्म्यानंतरही अधू राहिलेल्या नजरेचा वृद्धांच्या रोजच्या जगण्यावर होणारा परिणाम प्रश्नावलीने मोजण्याची पद्धत. तक्त्यावरचा ६/६० हा आकडा नजरेची तीक्ष्णता सांगतो. गोळ्यांच्या पाकिटावरचे नाव वाचता येते का, तांदळातला खडा दिसतो का, हे सांगत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या २५ प्रश्नांच्या प्रश्नावलीत (२००१) ० ते १०० गुण मिळतात; १०० म्हणजे सर्वोत्तम. भारतीयांसाठी तयार केलेली ३३ प्रश्नांची प्रश्नावली २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात दैनंदिन कामे, दृष्टीची लक्षणे आणि मानसिक-सामाजिक परिणाम असे तीन भाग आहेत. प्रश्न वाचून दाखवावेत. उत्तरे मात्र आजी-आजोबांचीच हवीत, मुलासुनेची नव्हेत. नैराश्य आणि सांधेदुखीनेही गुण घटतात, म्हणून त्यांची वेगळी नोंद ठेवावी.