शेजारी देशाचे संकेतस्थळ आणि आपला वाचक : प्रस्तावना

१९९९ मध्ये कारगिल युद्धाच्या सुमारास ‘डॉन’ या पाकिस्तानी दैनिकाचे संकेतस्थळ भारतातून उघडेनासे झाले. देशाबाहेर जाणारी इंटरनेटची वाट तेव्हा विदेश संचार निगम या सरकारी कंपनीच्या हाती होती आणि तिचे मुख्यालय मुंबईच्या फोर्ट भागात होते. माहिती तंत्रज्ञान कायदा व्हायला अजून एक वर्ष होते. ही अडवणूक सरकारच्या सांगण्यावरून झाली असे ‘रेडिफ’ या वृत्त-संकेतस्थळाने लिहिले आणि ती चुकवून ‘डॉन’ कसे वाचता येईल याची पायरीवार माहितीही वाचकांना दिली. त्याच उन्हाळ्यात पाकिस्तान टेलिव्हिजन केबलवरून बंद झाले. माहिती व प्रसारण खाते त्या वेळी प्रमोद महाजन यांच्याकडे होते. शेजाऱ्याशी वैर पेटले की त्याची संकेतस्थळे बंद करायची, या आपल्याकडच्या प्रथेचा आरंभ इथून धरता येतो.

या प्रथेचा शिस्तीने अभ्यास करणारी एक ज्ञानशाखा गेल्या पंचवीसेक वर्षांत आकाराला आली आहे. संगणकशास्त्रज्ञ, वकील, पत्रकार आणि इतिहासकार तिच्यात एकत्र काम करतात. टोरोंटोची सिटिझन लॅब आणि बंगळुरूची सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या तिच्यातल्या ठळक संस्था. मराठी वाचकाला या शाखेची ओळख करून द्यावी आणि तिच्यात त्याचे मनापासून स्वागत करावे, एवढ्यासाठी ही प्रस्तावना आहे.

माझे मुख्य म्हणणे आधीच सांगून टाकावे हे बरे. बंदी शेजाऱ्याच्या नावाने निघते आणि लागू होते आपल्या वाचकावर. ‘डॉन’ १९९९ मध्ये कराचीत आणि लंडनमध्ये वाचले जातच होते. वाचता येईना ते नागपूरच्या आणि कोलकात्याच्या माणसाला. म्हणून अशा प्रत्येक बंदीचे कारण, तिची मुदत आणि तिची नोंद आपल्या नागरिकाला पाहायला मिळाली पाहिजे. या शाखेतले बहुतेक प्रश्न इथूनच फुटतात.

बाहेरून येणारा मजकूर वेशीवर अडवण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. सावरकरांच्या १८५७ वरील ग्रंथावर १९०९ मध्ये, तो प्रसिद्ध होण्याआधीच, इंग्रज सरकारने बंदी घातली होती. १९४२ मध्ये सुभाषचंद्र बोस बर्लिनहून रेडिओवर बोलू लागले, तेव्हा तो आवाज सरकारच्या दृष्टीने शत्रुराष्ट्राचा होता आणि बंगालमधल्या घराघरांसाठी आपल्या माणसाचा. एकच आवाज सरकारला आणि श्रोत्याला किती वेगळा ऐकू येतो, हे या उदाहरणातून दिसते. पुस्तक बंदरावर पकडता येते. रेडिओच्या लहरींना तसे अडवणे कठीण. इंटरनेटने सरकारला पुन्हा बंदरासारखी जागा दिली, कारण सगळी वाहतूक मोजक्या कंपन्यांच्या यंत्रांतून जाते.

कायद्याकडे वळू. २००३ मध्ये मेघालयातल्या एका बंदी घातलेल्या संघटनेशी जोडलेला याहूवरील एक गट बंद करण्याचा आदेश निघाला. कंपन्यांना तेवढा एकच गट वेगळा काढता आला नाही आणि भारतभरातले सगळे याहू ग्रुप्स काही दिवस बंद पडले. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६९ ए आले आणि २००९ पासून ते नियमांसह लागू आहे. सार्वभौमत्व, संरक्षण, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि यांच्याशी निगडित गुन्ह्याला चिथावणी ही बंदीची मान्य कारणे. तातडीच्या प्रसंगी सुनावणीविना आदेश काढता येतो, पण तो ४८ तासांत समितीपुढे न्यावा लागतो. याच नियमावलीत सोळावा नियम आहे. तक्रार आणि तिच्यावरील कारवाई गुप्त ठेवावी, असे तो सांगतो. संसदेत दिलेल्या उत्तरांनुसार या कलमाखाली २०१४ मध्ये ४७१, तर २०२० मध्ये ९,८४९ ठिकाणे बंद झाली. संख्या कळते, यादी मात्र वाचकासमोर येत नाही.

या कायद्याच्या इतिहासात महाराष्ट्र आणि मी जिथून लिहितो आहे ते कोलकात्याचे बेहाला दोन्ही येतात. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जादवपूर विद्यापीठाचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्यांवरचे व्यंगचित्र पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली होती. २०१६ ची विधानसभा निवडणूक त्यांनी बेहाला पूर्व मतदारसंघातून लढवली. खटल्यातून पूर्ण सुटका व्हायला २०२३ उजाडले. अशा अटकांच्या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात याच कायद्यातले, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा सांगणारे कलम ६६ ए रद्द केले. कलम ६९ ए मात्र टिकले. बंदीची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्या आदेशाला न्यायालयात आव्हान देता येते, हा त्यामागचा एक आधार. ज्याला आदेशाची प्रतच मिळत नाही त्याने आव्हान कशाला द्यायचे, हा प्रश्न आजही उभा आहे आणि कायद्याच्या नव्या अभ्यासकाने तो हाती घ्यावा असा आहे.

तंत्राची बाजू तितकीच रंजक आहे. संकेतस्थळाचे नाव टाकल्यावर त्याचा अंकी पत्ता सांगणारी डीएनएस ही व्यवस्था असते. तिथे खोटे उत्तर देता येते. अंकी पत्त्याकडे जाणारी वाहतूकच टाकून देता येते. जोडणी सुरू होताना उघडपणे पाठवले जाणारे संकेतस्थळाचे नाव वाचून ती तोडताही येते. दिल्लीच्या इंद्रप्रस्थ माहिती तंत्रज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी २०१८ मध्ये आणि सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीशी संबंधित अभ्यासकांनी २०२० मध्ये भारतीय इंटरनेट कंपन्यांच्या अडवणुकीची मोजणी केली. प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने अडवते आणि सगळ्यांच्या याद्या जुळत नाहीत, असे दिसले. एकाच गल्लीत एका घरी पान उघडते आणि शेजारी उघडत नाही, ते यामुळे. बंदी हाताबाहेर कशी जाते याचा धडा पाकिस्तानने २४ फेब्रुवारी २००८ रोजी दिला. यूट्यूब देशापुरते बंद करण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने जाहीर केलेला खोटा मार्ग देशाबाहेर पसरला आणि जगभरात सुमारे दोन तास यूट्यूब मिळेनासे झाले.

सगळ्यांत जड उदाहरण ऑगस्ट २०१२ चे. आसाममधल्या कोकराझारच्या हिंसाचारानंतर, आणि ११ ऑगस्टला मुंबईच्या आझाद मैदानावर दंगल झाल्यावर, बंगळुरू आणि पुण्यातून ईशान्येकडची मुले घाबरून घरी निघाली. भडकाऊ चित्रांपैकी बरीच पाकिस्तानातून टाकली गेली, असे केंद्रीय गृहसचिवांनी सांगितले. एका वेळी पाचापेक्षा जास्त जणांना एसएमएस पाठवण्यावर मर्यादा आली आणि शेकडो दुवे बंद झाले. सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या प्रणेश प्रकाश यांनी त्यांपैकी ३०९ नोंदी तपासल्या, तेव्हा अफवा खोडून काढणारी पानेही त्यांत सापडली. भीती खरी होती आणि सरकारने काहीतरी करायलाच हवे होते. तरी घाईत, तपासाविना काढलेल्या यादीने अफवेसोबत तिच्यावरचा उतारही अडवला, हे नोंदीतूनच समजले.

मी हे बेहालात बसून लिहितो आहे, त्यालाही अर्थ आहे. डायमंड हार्बर रोडच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या भागात फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली कितीतरी कुटुंबे राहतात. त्यांच्यासाठी ढाका परदेशात आहे आणि ढाक्याची भाषा घरातलीच आहे. पहलगाम हल्ल्यानंतर २८ एप्रिल २०२५ रोजी ‘डॉन न्यूज’, ‘जिओ न्यूज’सह सोळा पाकिस्तानी यूट्यूब वाहिन्या भारतात बंद झाल्या. मे महिन्यात जमुना टेलिव्हिजन, एकात्तर टीव्ही यांसारख्या बांगलादेशी वाहिन्यांवर हीच वेळ आली. ८ मेला ‘एक्स’ने जाहीर केले की आठ हजारांहून अधिक खाती अडवण्याचे आदेश मिळाले आहेत आणि बहुतेक बाबतीत कोणत्या मजकुराने कायदा मोडला हे सांगितलेले नाही. ९ मेला ‘द वायर’ हे दिल्लीचे संकेतस्थळही बंद झाले आणि दुसऱ्या दिवशी सुरू झाले. हेच संकेतस्थळ २०१७ मध्ये बांगलादेशाने आपल्या देशात बंद केले होते. शेजाऱ्यासाठी उभे केलेले यंत्र आपल्याच पत्रकारापर्यंत किती लवकर पोहोचते, हे या तारखांचा क्रम दाखवतो.

सरकारची बाजू या शाखेत आदराने मांडली पाहिजे. युद्धाच्या काळात बनावट चित्रफितीने गावे रिकामी होऊ शकतात, सैन्याच्या हालचाली उघड होऊ शकतात. डिसेंबर २०२१ मध्ये पाकिस्तानातून चालणाऱ्या २० यूट्यूब वाहिन्या बंद करताना सरकारने निदान त्यांची नावे आणि कारणे प्रसिद्ध केली होती; ती तपासता आली. युरोपीय संघाने मार्च २०२२ मध्ये रशियाच्या ‘आरटी’ आणि ‘स्पुटनिक’वर बंदी घातली, तेव्हा आदेश राजपत्रात कारणांसह छापला गेला, ‘आरटी फ्रान्स’ न्यायालयात गेली आणि २७ जुलै २०२२ रोजी तिच्या विरोधात निकाल लागला. त्या निकालाशी कोणी सहमत असो वा नसो, वाद उघड्यावर झाला. युक्रेनने २०१७ मध्ये रशियाच्या ‘व्हीकोन्ताक्ते’ आणि ‘यांडेक्स’वर घातलेली बंदीही राष्ट्राध्यक्षांच्या प्रसिद्ध हुकुमाने होती. आक्रमणाच्या छायेतही कारण सांगता येते आणि नोंद ठेवता येते. आपल्याकडे ते जमणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

या विषयात येणाऱ्या नव्या अभ्यासकाने पहिल्याच दिवशी कामाला लागावे. एखादे पान उघडले नाही तर तारीख, वेळ, कंपनीचे नाव आणि पडद्यावरची सूचना टिपून ठेवावी, आणि तेच पान दुसऱ्या जोडणीवर पाहावे. ‘ऊनी’सारखी खुली मोजणी-साधने वापरावीत. संसदेतली उत्तरे वाचावीत, माहिती अधिकारात अर्ज करावेत. नकार आला तर तोही जपावा, कारण कोणत्या कारणाने माहिती नाकारली हीसुद्धा माहितीच असते. उर्दू, बांगला, नेपाळी, चिनी यांपैकी एक भाषा शिकावी. शेजारी काय म्हणतो हे वाचल्याशिवाय त्यातले खोटे कोणते हे ठरवता येत नाही, आणि ते ठरवण्याची कुवत मराठी वाचकाकडे आहे यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पुण्याच्या प्रयोगशाळेत, कोल्हापूरच्या वकिलाच्या कचेरीत, नांदेडच्या वृत्तपत्रात, जिथे कुठे हे काम सुरू होईल तिथे या शाखेची एक नवी नोंदवही उघडेल. तुम्ही तिच्यात लिहू लागावे, हीच या प्रस्तावनेची विनंती.

बेहाला, कोलकाता