स्नानाचें पाणी : घाट, घंगाळ, टब आणि तुषार

न्हाणीघराची डागडुजी निघाली कीं घरांत एक वाद हटकून उभा राहतो : टब बसवावा कीं तुषारस्नानाची झारी ? गवंडी जागेचा हिशेब सांगतो, दुकानदार किंमतीचा, आणि तरुण मंडळी शोभेचा. परंतु स्नानाची रीत ही मुळांत पाणी घरापर्यंत कसें येतें आणि तें कोणाच्या श्रमानें येतें, यावर ठरत आलेली आहे. हा इतिहास पाहण्यास कोल्हापूर हें फार सोयीचें शहर आहे.

येथील जुनें स्नान म्हणजे पंचगंगेच्या घाटावरील स्नान. माणूस पाण्यांत उतरे, पण तें पाणी वाहतें असे. अंगाचा मळ घेऊन तें पुढें जाई. हें स्नान चारचौघांतलें होतें, म्हणून समाजाचे तंटेही तेथें उघड्यावर येत. १८९९ सालीं शाहू महाराज कार्तिकस्नानासाठीं नदीवर गेले असतां, पुरोहित स्वतः स्नान न करतांच आणि वेदोक्ताऐवजीं पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचें राजारामशास्त्री भागवत यांनीं त्यांच्या लक्षांत आणून दिलें. वेदोक्ताचें सुप्रसिद्ध प्रकरण त्या एका स्नानांतून पेटलें.

घरचें स्नान निराळें. तांब्याचा बंब पेटवावयाचा, कढत पाणी घंगाळांत काढून विसण घालावयाचें, आणि तांब्यातांब्यानें अंगावर ओतून घ्यावयाचें. यांत बसलेलें पाणी नाहीं. प्रत्येक तांब्या नवा, आणि वापरलेलें पाणी मोरीवाटे बाहेर. मात्र त्या घंगाळामागें श्रम होते. घरच्या स्त्रियांनीं घागरी वाहाव्या किंवा पखालींतून पाणी विकत घ्यावें, तेव्हां कोठें स्नान होई. १८८० नंतर कळंबा तलावाचें पाणी नळानें शहरांत येऊं लागलें, तेव्हां हे श्रम हलके झाले. पण सर्वांनाच पाण्याला हात लावण्याची मुभा नव्हती. १९१९ सालीं शाहू महाराजांनीं हुकूम काढून विहिरी, धर्मशाळा, दवाखाने यांसारख्या सार्वजनिक ठिकाणीं अस्पृश्यता पाळण्यास मनाई केली. ज्याला विहिरीवर जातां येत नाहीं, त्याला स्नानाची रीत निवडण्याचा प्रश्न तरी कोठून पडणार ?

टब आणि तुषार हे दोन्ही प्रकार आजच्या स्वरूपांत विलायतेहून आले. नळ नव्हते तेव्हां इंग्लंडांतील श्रीमंताच्या घरीं शेगडीपुढें टब मांडीत, आणि नोकर जिन्यावरून कढत पाण्याच्या बादल्या आणून तो भरीत. टब ही दुसऱ्याच्या श्रमावरील चैन होती. १७६७ सालीं विल्यम फीथम यानें तुषारस्नानाच्या यंत्राचें पेटंट घेतलें; त्यांत हातपंपानें पाणी डोक्यावरील पात्रांत चढवीत व साखळी ओढून अंगावर सोडीत. परंतु खालीं पडलेलें तेंच पाणी पुन्हा वर चढे, म्हणून त्यांत स्वच्छता बेताचीच.

तुषाराला खरी प्रतिष्ठा दिली ती वैद्यांनीं. १८७० नंतरच्या दशकांत फ्रान्समधील रूआं शहरच्या तुरुंगाचे डॉक्टर मेरी देलाबोस्त यांनीं कैद्यांसाठीं तुषारस्नान सुरू केलें. थोड्या पाण्यांत, थोड्या वेळांत पुष्कळ माणसें स्वच्छ होत. १८८३ सालीं बर्लिनच्या आरोग्य-प्रदर्शनांत डॉ. ऑस्कर लासार यांनीं हीच पद्धत सामान्य जनतेसाठीं मांडून दाखविली. अशा रीतीनें टब महालाकडून आला, आणि तुषार तुरुंगाकडून व कामकऱ्यांच्या स्नानगृहांकडून.

हिशेबही हेंच सांगतो. टब भरण्यास साधारण दीडशें लिटर पाणी लागतें. तुषाराच्या झारींतून मिनिटास आठनऊ लिटर पडतें, म्हणजे पांच मिनिटांचें स्नान चाळीस-पंचेचाळीस लिटरांत आटोपतें. पंधरा मिनिटें तोटी चालू ठेवली तर मात्र तोही जवळजवळ टबाच्याच पंक्तीला जाऊन बसतो. बादली-तांब्याचें स्नान वीस लिटरांत होतें, हें विसरतां कामा नये. शिवाय वृद्धांना टबाचा कांठ ओलांडतांना पाय घसरण्याचें भय असतें. दुखऱ्या अंगाला कढत पाण्यांत बसून आराम मिळतो हें खरें. पण तेवढ्यापुरतें घंगाळ किंवा सुटा टबही चालतो.

पंचगंगेचें पाणी दूषित झालें, म्हणून दूधगंगेवरील काळम्मावाडी धरणांतून पन्नास किलोमीटरांहून लांब नळ घालून २०२३ सालीं कोल्हापुरास थेट पाणी आणावें लागलें. ज्या शहराच्या पायथ्याशीं नदी वाहते, त्याला इतक्या लांबून पाणी आणावें लागावें, यांत पुष्कळ बोध आहे. तुषार ही कांहीं परकी वस्तु नव्हे. तो आपल्या तांब्याचाच यांत्रिक भाऊ आहे : वरून नवें पाणी, खालून जुन्याची वाट. म्हणून न्हाणीघरांत झारी बसवावी, तिच्या खालीं बादलीसाठीं एक तोटी ठेवावी, आणि तोटी वेळेवर बंद करण्याची संवय घरांतील लहानथोरांस लावावी.