उत्तरसभा आणि न विचारलेले प्रश्न

आधीच सांगून टाकतो : मी शरद पवारांचा समर्थक. तेव्हा साताऱ्याच्या १८ ऑक्टोबर २०१९च्या सभेविषयी मी जे लिहितो आहे, ते वाचकांनी तोलूनमापून घ्यावे.

त्या रात्री मी सांगलीत टीव्हीसमोर होतो. ऑगस्टच्या महापुराची ओल भिंतींतून अजून गेली नव्हती. पावसाचे कौतुक वाटावे असे ते वर्षच नव्हते. तरीही अठ्ठ्याहत्तर वर्षांचा नेता भर पावसात बोलताना पाहून माझे डोळे भरून आले. लोकसभेला उमेदवार निवडताना आपली चूक झाली, असे पवारांनी कबूल केले आणि ती दुरुस्त करण्याची हाक मतदारांना दिली. तेवढ्यात साताऱ्याहून मेहुण्याचा फोन आला. तो महाराजांचा माणूस. म्हणाला, "दाजी, पाऊस काय तुमच्या पक्षाचा आहे?"

उदयनराजे भोसले मे २०१९मध्ये राष्ट्रवादीकडून निवडून आले, सप्टेंबरमध्ये राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले. २१ ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील सत्त्याऐंशी हजारांहून अधिक मतांनी जिंकले. मी पेढे वाटले. माझे मत साताऱ्यात नव्हते, पण विजय मात्र माझाच होता.

पुढे कॅनडातील १९८४च्या निवडणुकीविषयी वाचले. त्या देशात पक्षनेत्यांचा पहिला दूरचित्रवाणी वादविवाद १९६८मध्ये झाला होता. २५ जुलै १९८४च्या वादविवादात ब्रायन मलरोनी यांनी पंतप्रधान जॉन टर्नर यांना राजकीय नेमणुकांवरून घेरले. आपल्यापुढे पर्याय नव्हता, असे टर्नर म्हणाले. पर्याय होता, असे मलरोनींनी तिथल्या तिथे सुनावले. सप्टेंबरमध्ये मलरोनींच्या पक्षाला २८२पैकी २११ जागा मिळाल्या.

आपल्याकडे वाहिन्यांवर भांडतात ते प्रवक्ते. नेते समोरासमोर येत नाहीत. आपली रीत उत्तरसभेची. आज एकाने मैदान गाजवायचे, दुसऱ्याने नंतर येऊन त्याचा समाचार घ्यायचा. १९५७मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत यशवंतराव चव्हाण कराडमधून जेमतेम निवडून आले, तो काळही सभांचाच. उत्तरसभेत टोला मिळतो, टाळ्या मिळतात. पण बोलणाऱ्याला मध्येच थांबवून कोणी विचारत नाही.

साताऱ्यात समोरासमोर वाद झाला असता, तर उदयनराजेंना विचारता आले असते : लोकांनी पाच वर्षांसाठी दिलेली खासदारकी चार महिन्यांत का सोडली? आणि पवारांना : याच उमेदवाराला तुमच्या पक्षाने २००९, २०१४ आणि २०१९ अशी तीनदा उमेदवारी दिली; मग चूक नेमकी कोणत्या वेळची?

पहिला प्रश्न मला त्याच रात्री सुचला होता. दुसरा सुचायला कित्येक वर्षे लागली. समर्थकाचे असेच असते. आपल्या माणसाची कबुली हा त्याला मोठेपणा वाटतो, समोरच्याची असती तर तोच पुरावा ठरला असता.

जून २०२४मध्ये उदयनराजे साताऱ्यातून भाजपतर्फे लोकसभेवर निवडून आले. मेहुण्याने पेढ्यांचा बॉक्स पाठवला. मी त्याला फोन करून पहिला प्रश्न विचारला. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "दाजी, तुमचा दुसरा प्रश्न आधी तुमच्या साहेबांना विचारा."

दोघांनीही आपापल्या माणसाला तो विचारलेला नाही.