उलटी काच, बसके नाक : एका युद्धकालीन ट्रकची मुंबईमार्गे गोष्ट

१/१६
गेल्या पावसाळ्यात शेलूच्या घरी मी एक ट्रक जोडला. लांबी अर्ध्या वितीहून थोडी अधिक, प्रमाण १:३५. खोक्यातून निघालेले प्लास्टिकचे भाग कटरने सोडवायचे, पॉलिश पेपरने घासायचे, गोंदाने जोडायचे आणि रंगवायचे. उल्हास नदीकाठच्या दमट हवेत रंग वाळता वाळत नव्हता. दोनदा तर त्यावर पांढुरकी साय धरली. परंतु आजचा धागा माझ्या रंगकामाविषयी नाही. तो ज्या गाडीची ही प्रतिकृती आहे, तिच्याविषयी आणि तिच्या मुंबईशी असलेल्या विसरल्या गेलेल्या नात्याविषयी आहे.

२/१६
केबिन जोडून झाल्यावर बाबांनी ती हातात घेतली आणि म्हणाले, "काच उलटी बसवलीस की काय रे?" मलाही क्षणभर तसेच वाटले. कोणत्याही मोटारीची पुढची काच वरच्या बाजूला मागे झुकलेली असते. या ट्रकची काच मात्र वरच्या काठाने पुढे आलेली आहे, एखाद्याने कपाळ पुढे काढून जमिनीकडे पाहावे तशी. सूचनापत्रक तीनदा तपासले. काच बरोबर होती. चूक एवढीच, की सुपर ग्लूच्या वाफेने तिच्यावर धुके धरले होते. ती पुसण्यात एक संध्याकाळ गेली.

३/१६
मग ही काच अशी का? नेहमीच्या तिरक्या काचेवर पडलेले ऊन वर, आकाशाकडे फेकले जाते. मोकळ्या मैदानात किंवा वाळवंटात ती चमक शत्रूच्या वैमानिकाला दुरूनही दिसू शकते. काच उलट्या कोनात बसवली की तेच ऊन खाली, जमिनीकडे परावर्तित होते. चालकाच्या डोळ्यांवर येणारी तिरीपही कमी होते. एका काचेचा कोन बदलून गाडी लपवण्याचा हा उपाय. वाहनरचनेत युद्ध कसे शिरते, याचे याहून सोपे उदाहरण मला ठाऊक नाही.

४/१६
या गाडीचे कुळ 'कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न', संक्षेपाने सीएमपी. ब्रिटिश सैन्याने ठरवून दिलेल्या मापांनुसार कॅनडात बांधलेले हे ट्रक. फोर्डचा कारखाना विंडसरला आणि जनरल मोटर्सचा ओशावाला, दोन्ही ओंटारिओ प्रांतात. बाजारात एकमेकांचे हाडवैरी असलेल्या या दोन कंपन्यांनी युद्धासाठी एकाच साच्याच्या गाड्या काढल्या. केबिन जवळजवळ सारखी. इंजिन मात्र ज्याचे त्याचे. फोर्डमध्ये आठ सिलिंडरचे ९५ अश्वशक्तीचे, शेव्हरोलेमध्ये सहा सिलिंडरचे ८५ अश्वशक्तीचे.

५/१६
कॅनडावर एवढा भार पडण्यामागे डंकर्क आहे. १९४० च्या मे-जूनमध्ये ब्रिटनने आपले सैनिक फ्रान्सच्या किनाऱ्यावरून परत आणले, परंतु सुमारे ६४ हजार वाहने तेथेच सोडून द्यावी लागली. सैन्य वाचले, त्याची चाके गेली. ती उणीव भरून काढण्यात कॅनडाचा वाटा फार मोठा. युद्ध संपेपर्यंत त्या देशाने आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने बांधली. त्यांपैकी चार लाखांहून अधिक सीएमपी होती.

६/१६
आता गाडीच्या नावाची फोड. माझी प्रतिकृती 'सी १५ ए' या गाडीची आहे. 'सी' म्हणजे शेव्हरोले. फोर्ड असती तर 'एफ'. '१५' म्हणजे १५ हंड्रेडवेट भार, आपल्या हिशेबात सुमारे ७६२ किलो. 'ए' म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर १०१ इंच. हेच अंतर १:३५ प्रमाणात साधारण ७३ मिलिमीटर भरते; मी पट्टी लावून पाहिले. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळत असल्याने चिखल आणि वाळू या दोन्हींतून गाडी वाट काढू शके.

७/१६
नाक बसके असण्यालाही कारण आहे. केबिन पुढे, जवळजवळ इंजिनाच्या शेजारी ओढून घेतली की तेवढ्याच लांबीच्या गाडीत सामानासाठी अधिक जागा मिळते आणि जहाजात गाडी कमी जागा अडवते. त्याचा त्रास चालकाच्या पायांना! आरंभीच्या ११ आणि १२ क्रमांकाच्या केबिनमध्ये पेडलपाशी फारच दाटी होई. १९४१ पासून आलेल्या १३ क्रमांकाच्या केबिनमध्ये पायांना थोडी ऐसपैस जागा मिळाली, आणि याच केबिनबरोबर ती उलटी काचही आली.

८/१६
येथवरची माहिती कोणत्याही प्रतिकृतिकाराला असते. पुढची गोष्ट मात्र खोक्यावर छापलेली नसते. समुद्रापलीकडे जाणारे कितीतरी ट्रक अखंड पाठवले जात नसत. चाके, चौकटी, इंजिने, पत्रे असे सुटे भाग लाकडी खोक्यांत भरून ते जहाजावर चढत आणि दूरच्या बंदरांत जोडले जात. अशा बंदरांपैकी एक आपली मुंबई. जनरल मोटर्सचा शिवडीचा जोडणी कारखाना १९२८ पासून सुरू होता. फोर्डची जोडणीही मुंबईत होत असे. शांततेत साहेबांच्या आणि शेठजींच्या मोटारी जोडणारे हात युद्धात लष्करी ट्रक जोडू लागले.

९/१६
हे वाचले तेव्हा मी हातातला कटर खाली ठेवला. म्हणजे मूळ गाडीही एका अर्थी 'किट'च होती! फरक इतकाच, की तिचे भाग जोडणारे लोक छंद म्हणून नव्हे, पोटासाठी जोडत होते. माझ्या चुकीने काचेवर धुके धरते. त्यांच्या चुकीने परमुलखातल्या एखाद्या घाटात कोणाचा तरी ब्रेक लागला नसता. शेलूहून लोकल धरून कुर्ल्याला हार्बर मार्गावर बदलले की शिवडी येते. मी त्या स्थानकावरून कितीदा गेलो असेन; खाडीतले रोहित पक्षी पाहण्यापलीकडे तेथे काही असेल, असे कधी मनात आले नव्हते.

१०/१६
हिंदुस्थानने केवळ जोडणीच केली असे नाही. कॅनडातून आलेल्या फोर्डच्या सांगाड्यांवर देशी चिलखती पत्रा चढवून 'इंडियन पॅटर्न' चिलखती गाड्या घडवल्या गेल्या. पोलाद टाटांच्या जमशेदपूरचे, तर जोडकाम ईस्ट इंडियन रेल्वेच्या कार्यशाळांतही झालेले. अशा साडेचार हजारांहून अधिक गाड्या बनल्या. युद्धाच्या आरंभी दोन लाखांच्या आसपास असलेले हिंदी सैन्य १९४५ पर्यंत सुमारे पंचवीस लाखांवर गेले. खेचरांवर आणि बैलगाडीवर वाढलेल्या खेड्यांतली मुले त्यात भरती होऊन गिअर बदलायला शिकली.

११/१६
युद्धसामग्रीच्या या वाटेची किंमत मुंबईनेही मोजली. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला. कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकाच जहाजात होता. ते जहाजही कॅनडाच्याच प्रिन्स रुपर्ट येथे १९४२ मध्ये बांधलेले. शेकडो माणसे गेली. आगीशी झुंजताना अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो.

१२/१६
आता माझ्यापुढचा पेच. प्रतिकृतीवर कोणत्या तुकडीची चिन्हे लावायची? माझ्या खोक्यातील पर्यायांत हिंदी तुकडी नव्हती. मनात पहिले नाव आले ते नाईक यशवंत घाडगे यांचे. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे सुपुत्र. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, सगळे सोबती पडल्यावर त्यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली आणि तेथेच प्राण ठेवला. वय अवघे बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले गेले.

१३/१६
परंतु कर्जत तालुक्यात बसून ही गोष्ट एवढ्यावर संपवता येत नाही. याच युद्धकाळात माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे आपले भाई कोतवाल, 'आझाद दस्ता' घेऊन डोंगरांत उतरले होते. खोपोली (१९१५) आणि भिवपुरी (१९२२) येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रांतून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाई. १९४२ च्या उत्तरार्धात दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले. उद्देश स्पष्ट होता: मुंबईचे उद्योग थांबले की सरकारचे युद्धयंत्र अडखळेल. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले.

१४/१६
म्हणजे एका जिल्ह्यातला तरुण त्या सैन्यात लढत होता आणि त्याच जिल्ह्यातले दुसरे तरुण त्या सैन्याच्या मागे उभ्या असलेल्या सत्तेची वीज तोडत होते. यांतला खरा कोण, असा प्रश्न समाजमाध्यमांवर पटकन विचारला जातो. मला तो प्रश्नच कोता वाटतो. घाडग्यांचे शौर्य साम्राज्याच्या मालकीचे होत नाही आणि कोतवालांचे बंड सैनिकांच्या विरोधात जात नाही. पगार, पलटणीची अब्रू, गावाची परंपरा, स्वातंत्र्याची ओढ: एकाच काळात माणसांना वेगवेगळ्या दिशांनी ओढणारी ही बळे होती. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती तोलावीत. परंतु एका पारड्यात माणूस ठेवून दुसऱ्यात दुसरा माणूस ठेवू नये.

१५/१६
मी एक देखावा रचायला घेतला होता. तांब्याच्या तारेचा विजेचा मनोरा, त्याचा एक पाय कापलेला आणि खालून जाणारा माझा ट्रक. छायाचित्रात तो फार परिणामकारक दिसला असता. मनोऱ्याचा पाय तयारही झाला. मग थांबलो. असा क्षण घडल्याचा कोणताही पुरावा माझ्याजवळ नाही. देखावा हेही एक विधान असते. ते खोटे असेल तर सुबक रंगाने खरे होत नाही. मनोरा आता पुस्तकांच्या फळीवर वेगळा आहे. घाडग्यांच्या डिव्हिजनचे चिन्हही मी ट्रकवर लावले नाही, कारण ही विशिष्ट गाडी त्यांच्या वाटेवर होती असे मी म्हणू शकत नाही. ट्रक कोणत्याही चिन्हाविना, नुकताच जोडून झाल्यासारखा ठेवला आहे. तळाच्या पाटीवर लिहिले आहे: 'सुटे भाग कॅनडाचे, जोडणी मुंबईची.' गाड्यांच्या अशा एका वर्गाबद्दल हे विधान खरे आहे, आणि मला तेवढेच पुरे आहे.

१६/१६
शेवटचे. ट्रक पूर्ण झाल्यावर आजोबांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, "हा तर डिस्पोजलचा. आमच्या लहानपणी भाताची पोती न्यायला असलाच बसक्या नाकाचा यायचा." युद्ध संपल्यावर जादा ठरलेली लष्करी वाहने विकली गेली, लाकडी हौदे चढवून मालवाहतुकीला लागली, हे मी पुस्तकात वाचले होते. आजोबांना ते वाचावे लागले नव्हते. कल्याणजवळची लष्करी छावणीही अशीच बदलली: फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. आमची लोकल रोज तेथून जाते. तेव्हा मित्रहो, घरात ऐंशी ओलांडलेले कोणी असेल तर आज त्यांना एवढेच विचारा: गावात पहिला ट्रक कोणता आला होता, आणि त्याचे नाक कसे होते? उत्तर मिळाले तर या धाग्याखाली जरूर लिहा. मी ते वहीत, तारखेसह, उतरवून ठेवणार आहे.